सासऱ्यांचा सेट

२ फेब्रुवारी
सासऱ्यांची कवळी आज बेसिनमध्ये पडून दुभंगली. दोन आठवड्यांनी त्यांच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आणि भाषण यांचंच. विषय: सेट. जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता या एवढ्याशा शब्दाचे किती अर्थ होतात ते सांगणार. मी लगेच जाहीर केलं की घरात दातांचा कारागीर असताना बाहेर जायचं कारणच नाही, आठ दिवसांत नवाकोरा सेट देतो. बायको म्हणाली, माप तरी डॉक्टरांकडून घ्या. मापाला डॉक्टर कशाला? नाव डॉक्टरांचं असतं, कवळ्या माझ्याच लॅबमधून जातात. सासरे खूश. म्हणाले, भाषणात हाही सेट घेतो.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्वयंपाकघरात माप घेतलं. सासऱ्यांनी मुकाट्याने आ केला. माप ओलं असतानाच त्यात प्लॅस्टर ओतायचं असतं, नाहीतर ते आकसतं. हे मी इतरांना शिकवतो! तेवढ्यात टेनिसची फायनल लागली. एकच सेट बघून उठायचं ठरवलं. मॅच पाच सेट चालली. त्याला मी काय करणार?

५ फेब्रुवारी
माप आकसलंय. थोडंच. परत घ्यायला हवं, पण पुन्हा आ करा असं त्यांना सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? तसंच प्लॅस्टर ओतलं. झकास सेट झालं.

९ फेब्रुवारी
मेणात दात लावायचे राहिलेत. बाहेरची कामं पडली. खरं तर फार पडली नाहीत. सासरे आठवडाभर दुधात पाव बुडवून खाताहेत. एका शब्दाने तक्रार नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आज एवढंच विचारलं की कुठवर आलं. मी म्हणालो, अजून मूड सेट होत नाहीये. ते बोळकं पसरून हसले. म्हणाले, हा अर्थ डिक्शनरीत नाही, भाषणात घालतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
उद्या पहाटे उठून दात लावणार. अलार्म सेट केला आहे.

१० फेब्रुवारी
अलार्म वाजला. मीच बंद केला.

१३ फेब्रुवारी
सेट तयार! काय चकाकतोय! सासऱ्यांच्या तोंडात बसवला. जरा दाबून बसवावा लागला. घट्ट वाटतोय का विचारलं, तर म्हणाले, किंचित. मी समजावलं की नवीन आहे, सवय झाली की तोंडच सेट होईल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं असावं.

१४ फेब्रुवारी
जेवताना सासरे प्रत्येक घासाला एक डोळा मिटतात. बायकोने विचारलं, बाबा, दुखतंय का? त्यांनी मान हलवली, नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी ताटातून डोळे वर केले नाहीत. अजून दोन दिवस आहेत. खरं म्हणजे नव्याने माप घेता येईल. पण मग आधीचं का बिघडलं ते सांगावं लागेल. राहू दे. होईल सेट.

१६ फेब्रुवारी
मेळावा. हॉल गच्च. मला पहिल्या रांगेत बसवलं, नको नको म्हणत असताना. सासऱ्यांनी सुरुवात केली, दोन वाक्यं बोलले आणि थांबले. पाठ फिरवून कवळी काढली, रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि बोळक्यानेच भाषण केलं. मावळता सूर्य, नाटकाचा सेट, टीव्हीचा सेट, कपबश्यांचा सेट, पोरांचं आयुष्य सेट होणं. माझ्या मूडचा नंबरही लागला. अर्धं कोणाला कळलं नाही, तरी सगळे हसत होते. शेवटी म्हणाले, आमच्या जावयांनी स्वतःच्या हाताने माझ्यासाठी सेट केला, मलाच तो नीट घालता येत नाही. टाळ्या! मला उभं राहून नमस्कार करावा लागला. लाज म्हणजे काय ते आज कळलं.
घरी रुमाल धुवायला टाकताना बायकोला त्यावर रक्त दिसलं. ती तो रुमाल माझ्या टेबलावर ठेवून गेली.
उद्या सकाळी मी स्वतः त्यांच्यासमोर बसून सगळं सांगणार. पक्कं.

१७ फेब्रुवारी
उठायला उशीर झाला. सासरे सकाळीच कुठेसे एकटेच बाहेर पडले होते.
अकरा वाजता डॉक्टरांचा फोन. म्हणाले, एक वयस्कर पेशंट आलेत, हिरड्या पार सोलून निघाल्यात, आधीचं माप कोणा गाढवाने घेतलं देव जाणे. खोदून खोदून विचारलं, पण गृहस्थ त्याचं नाव सांगत नाहीत. एवढंच म्हणतात की नवा सेट तुमच्याच लॅबमध्ये करून घ्या, तो माणूस कामाला फार चांगला आहे.
मी म्हणालो, असतात हो अशी गाढवं.
जखमा भरल्या की डॉक्टर माप पाठवणार आहेत. तोवर दूध-पाव.
आत्ता सासरे आले. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी विचारलं, काय जावईबापू, काही नवीन अर्थ?
मी म्हणालो, नाही. आणि दूध गरम करायला गेलो.