तुमची सॉलिड डिस्क

संगणकनिपुण मेहुणेबुवांना त्यांच्या मागासलेल्या दाजींचा सादर नमस्कार,

आपली तब्येत, बीपी आणि आत्मविश्वास उत्तम असावा. (आत्मविश्वासाची तर खात्रीच आहे.) इकडे माझा गुडघा कुरकुरतो, पण निदान कुरकुरतो तरी. तेच सांगायला हे पत्र.

आपली ताई गेल्यावर आपण सोबतीला येऊन राहिलात, हे मी विसरलेलो नाही. आणि त्या मुक्कामात घरात जे जे नीट चालू होतं ते ते आपण दुरुस्त केलंत, हेही नाही. जिन्याखालचा सर्व्हर त्यातलाच. (सर्व्हर कसला, झाकण नसलेला जुना कॉम्प्युटर. घरातल्यांचे फोटो, फोनवरचे बोलके निरोप, सगळं आपोआप त्यात जाऊन पडायचं.) त्याची डिस्क दिवसभर करकरायची. ताई म्हणायची, जिन्याखाली कुणीतरी दळायला बसलंय. आपण ती करकर ऐकून डॉक्टरासारखी मान हलवलीत आणि म्हणालात, "दाजी, ही आज ना उद्या जाणार. सॉलिड बसवू." आपण चहालाही सॉलिड म्हणता, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. मग आपल्या ऑफिसातून काढलेली, 'जवळजवळ नवी' डिस्क आली. सगळं तिच्यावर उतरवून जुनी आपण पिशवीत घालून घेऊन गेलात. घर इतकं शांत झालं की मी दिवसभर रेडिओ लावून ठेवू लागलो.

निघताना दारात आपण एक ज्ञानकण टाकलात, की ही डिस्क लिहून लिहून झिजते. झालं. झिजते म्हटल्यावर मी ती काढली, ताईच्या शालीत गुंडाळली आणि दागिन्यासारखी लोखंडी कपाटात कुलपात ठेवली. दोन उन्हाळे तिथे सुखरूप होती. परवा वाटलं, आता ताईचा आवाज ऐकण्याइतका धीर आलाय. लावली, तर कोरी. दुकानदार हसून म्हणाला, काका, वापरलेली डिस्क विजेशिवाय उकाड्यात पडून राहिली तर विसरते, तिला अधूनमधून जागं करावं लागतं. अहो शहाणे, हे दारात सांगता येत नव्हतं? झिजते तेवढं सांगितलंत, विसरते ते पोटात ठेवलंत. जुनी जाण्याआधी चार दिवस कण्हली तरी असती. ही हूं की चूं न करता गेली, तुमच्या ताईसारखीच. मला या न सांगता जाणाऱ्यांचा फार राग येतो.

असो. घरात ज्यांना आपण अजून दुरुस्त केलेलं नाही, त्या सर्वांना आशीर्वाद.

आपला,
करकरा दाजी

ता. क. डिस्क सोबत पाठवतो आहे. कपाखाली ठेवा, त्या कामाला सॉलिड आहे.

पुन्हा ता. क. आपल्या हातून काहीच टाकवत नाही, अशी ताईची कायम तक्रार असायची. ती खरी असली तर ती जुनी डिस्क कुठल्या तरी खणात असेल.

आणि हो, सापडली तर एकटा लावू नकोस रे. घेऊन ये. तिच्यात ताईचा एक निरोप आहे, 'येताना दूध आणा, धाकटा येतोय, त्याच्याशी भांडू नका.' दोघं मिळून ऐकू.