दुकानात चप्पल चालत नाही

मंगळवार, लातूर

डोकं तापलंय, म्हणून जेवणाआधीच लिहून काढते. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. दोन महिने झाले. आज डॉक्टर म्हणाले, दिवसभर कडक फरशीवर अनवाणी उभं राहून तळव्याची शीर सुजली आहे, दुकानात मऊ चप्पल घालत जा.

तेच शेठना सांगितलं. तर म्हणाले, "ताई, साडीचं दुकान हाय. लक्ष्मीच्या जागी चप्पल? जमायचं न्हाई. टाचेला तेल लावत जा."

तेल! दहा तास फरशीवर मी उभी, आणि हे गादीवर बसून मला तेल लावायला सांगायलेत. मी तरी गप्प का बसले? नोकरी जाईल म्हणून, दुसरं काय.

नवी साडी आली की काचेतल्या बाहुलीला मीच नेसवते. आजही लंगडत जाऊन नेसवली. तेवढ्यात शेठ गादीवरूनच ओरडले, "ताई, तिच्या पायात सँडल घाला की! अनवाणी बरी दिसती का?"

घातले. खाली बसून, माझ्या हातानं. तिथं लक्ष्मी नसते वाटतं!