मागचा डावा कोपरा

रविवार, ८ फेब्रुवारी

आलो एकदाचे अमरावतीत. अकोल्याहून सामानाची गाडी साडेअकराला दारात लागली आणि दोनच्या आत मांडामांड झालीसुद्धा. घर लय छान मिळालं. खाली मालक, बापूसाहेब, निवृत्त वकील. वर आम्ही दोघं, मी आणि बाबा. गीतांजलीची शाळा अकोल्याला, एप्रिल संपेपर्यंत तिला हलता येत नाही. तोवर वरण-भात माझ्या हातचा, बाबांचं नशीब. बडनेरा स्टेशन स्कूटरनं वीस मिनिटं. उद्यापासून तिथं सिग्नल खात्यात हजर व्हायचं. ड्यूटीवर बिघाडांची नोंद ठेवून ठेवून हात असा सवकला आहे की घरीही लिहिल्याशिवाय झोप येत नाही.

सगळ्यात खुशीची गोष्ट म्हणजे हॉल. बापूसाहेबांचा मुलगा यशोधन परदेशी गेला तेव्हा आपला होम थिएटर इथंच सोडून गेला. टीव्हीखाली काळा जाडजूड रिसीव्हर, भिंतींवर पाच स्पीकर, कोपऱ्यात बुटका वूफर. खुशाल चालवा, नुसता धूळ खाते, असं बापूसाहेब म्हणाले. मला तर देव पावला.

आईचं अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर आहे. भाचीच्या, आचलच्या, हळदीला ती गायली होती, मी मोबाइलवर घेतलं. चार महिन्यांनी आई गेली. बाबांनी ते एकदाही ऐकलेलं नाही. अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये चौतीस वर्षं फिटर होते, मशीनच्या खडखडाटात उजवा कान साफ गेला आणि डावा नावापुरता राहिला. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडून असतं. लॅपटॉपचा आवाज त्यांच्यासाठी असून नसल्यासारखा. या मोठ्या स्पीकरांतून लावलं तर पोचेल. तेवढं झालं पाहिजे, मला दुसरं काही नको.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहिला दिवस बरा गेला. साहेब चांगले आहेत, चहा वाईट आहे. संध्याकाळी आल्या आल्या कामाला लागलो. लॅपटॉपची एचडीएमआय वायर रिसीव्हरला, रिसीव्हरची टीव्हीला. टीव्हीवर चित्र झकास आलं. आवाज शून्य. बाबा खुर्ची ओढून, धोतर सावरून, डावा कान पुढं करून बसले होते. अर्धा तास तसेच बसले. शेवटी म्हणाले, राहू दे, उद्या पाहू. मला फार वाईट वाटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तीन दिवस झाले, आवाज नाही तर नाही. वायर बदलली. भोक बदललं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये रिसीव्हरचं नाव दिसतं, त्याच्यापुढं हिरवी खूणही दिसते, पट्टी वर-खाली नाचते म्हणजे आवाज जातोय. जातो कुठं मग? मसणात? रेल्वेचे सिग्नल जोडणारा माणूस मी, पाच-पाच किलोमीटरवरचा बिघाड हुडकून काढतो, आणि घरातला दीड मीटर वायरीचा डबा मला जुमानत नाही. गीतांजलीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, गाडीचे सिग्नल तूच जोडून राहिला हे कोणाले सांगू नको, लोकं बसनं जातील. मी फोन ठेवून दिला. डोकं तापलं होतं.

बाबा रोज संध्याकाळी सहाला खुर्ची ओढून बसतात. विचारत नाहीत, नुसते बसतात. त्याचाच जास्त राग येतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

सापडलं. रिसीव्हरच्या मेनूत पार आतमध्ये एक ओळ होती, आवाज स्वतः वाजवायचा की टीव्हीकडे ढकलायचा. ढकलायचा, असं करून ठेवलं होतं, आणि टीव्ही मुका केलेला. आठवडा घातला भैताडासारखा. ओळ बदलली आणि पाचही स्पीकर असे बोलले की खिडकीची काच थरथरली.

लॅपटॉपमध्ये स्पीकर तपासायची सोय असते. पडद्यावर खोलीचं चित्र येतं, मधे खुर्ची, भोवती स्पीकर. एकेकावर टिचकी मारली की तो वाजतो. चित्रात सात दिसत होते. लावलेले पाचच आहेत. दोन बाजूला, तीन पुढे, मागे भिंत कोरी. गंमत म्हणून मागच्या डाव्यावर टिचकी मारली. टण् झालं. मागच्या डाव्या कोपऱ्यातूनच झालं. तिथं कोळ्याच्या जाळ्याशिवाय काही नाही. रिसीव्हरच्या पाठीवर त्या जोडणीची दोन्ही भोकं रिकामी आहेत. समोरच्या भिंतीवरून आवाज उलटला असेल, असं म्हणून सोडून दिलं.

आईचं रेकॉर्डिंग लावलं. खालून बापूसाहेबांनी काठीनं छत ठोकलं इतकं मोठं केलं. बाबांचा चेहरा कोराच. गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी कपाळ धरून बसलो. आणि मग गाणं संपल्यावर, सगळं शांत झाल्यावर, त्यांनी एकदम मान वळवली. मागे, डावीकडे. म्हणाले, तुई माय हाक मारून राहिली.

रेकॉर्डिंगमध्ये हाक नाही. मी शंभर वेळा ऐकलंय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

कालही तेच, आजही तेच. गाणं ऐकू येत नाही, मी घसा फोडून जेवायला बोलावलेलं ऐकू येत नाही, पण कोपऱ्यातली हाक येते. आई बाबांना कधी नावानं हाक मारत नसे, नुसतं अवो म्हणायची. तेच ऐकू येतं म्हणे. दोन डाव येते, मग बंद होते.

मी चिडून विचारलं (लिहूनच विचारावं लागलं) की तुम्ही ओ दिली का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच लहान झालो. म्हणाले, दिसत नाही त्या मानसाच्या हाकेले तीन डाव आल्याबिगर ओ देवाची नाही, तुले तुया मायनं शिकवलं नाही काय? जित्ता मानूस तिसऱ्या डाव बलावते. थे दोनदाच बलावते. मी तोंड दाबून बसतो.

आणि मग म्हणाले, लय जड जाते बॉ.

मला रडू आलं आणि रागही आला. एवढी खटपट केली ती तिचं गाणं ऐकवायला. हे ऐकवायला नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज माझी चूक झाली. लिहून ठेवतो.

ड्यूटीवरून साडेसहाला आलो. लॅपटॉप दिवसभर माझ्या बॅगेत बडनेऱ्याला होता. रिसीव्हर बंद. बाबा तरी खुर्चीत, तोंड कोपऱ्याकडे. दुपारचं ताट तसंच, वरणावर साय धरलेली. काल रात्रीचंही तसंच होतं. मी ओरडलो, हातवारे केले, ताट पुढं सरकवलं. त्यांनी मला हातानंच गप्प केलं. येतेय, ऐकू दे, असं.

आणि तेव्हा ती हाक मला आली. पहिल्यांदा. अवो. अगदी अकोटच्या घरच्या दारातून यायची तशी, शेवटी जरा ओढलेली. मग पुन्हा, अवो. बाबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं होतं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

अकोटला बाबा चौकात नत्थुजींच्या ठेल्यावर गप्पा मारत बसायचे. आई दारातून अवो म्हणायची. बाबांना ऐकू जायचं नाही. मी रस्त्यात खेळत असायचो, तिथूनच ओ द्यायचो, हौ, पाठवतो, आणि बाबांना घरी पिटाळायचो. दहा-बारा वर्षं रोज तेच. मोठ्यांना आलेल्या हाकेला घरातलं लहान माणूसच ओ देतं, कोणाच्याही घरी हेच चालतं. आज आठवडाभराची चीड, दोन दिवसांची उपाशी ताटं, हा डबा, हा कोपरा, सगळं एकदम उसळलं. मी कोपऱ्याकडे वळून ओरडलो, हौ, पाठवतो!

बाबांनी मान वर केली. त्यांना ऐकू आलं. कित्येक वर्षांत माझं एक वाक्य त्यांना लख्ख ऐकू आलं.

मग ते उठले आणि जेवले. पोटभर जेवले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, मी ओ देल्ली नसती रे. तुयासाठी थांबलो होतो. पन तू पाठोतो म्हनलं, आता जा लागते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

घसा बसला आहे. रजा टाकली.

सकाळी कोपऱ्यासमोर उभा राहिलो, हात जोडले, म्हटलं, चुकून बोललो, ते येत नाहीत. कोपऱ्यातून उत्तर आलं. माझ्याच आवाजात. हौ, पाठवतो.

पुन्हा म्हटलं, येत नाहीत. पुन्हा तेच. जेवढ्या वेळा नाही म्हणतो तेवढ्या वेळा. आत बाबा हसून मान हलवतात, हौ हौ, ऐकलं, असं. माझा नकार त्यांना ऐकू येत नाही. हेच येतं.

रिसीव्हर उपटला. वायरी तोडल्या. पाचही स्पीकर खाली नेऊन बापूसाहेबांच्या ओट्यावर ठेवले. आवाज लागत नाही काय, म्हणून त्यांनी विचारलं.

वर आलो. कोपरा बोलतच होता.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अकोल्याला पळायचं ठरवलं. बाबांना एसटीत बसवलं, पुढच्या सीटवर, दाराजवळ. बडनेरा मागे पडलं आणि बाबांनी मान वळवली. मागे, डावीकडे. शेवटच्या सीटवरून माझा आवाज आला. बाबा चालत्या गाडीत उठून मागे निघाले. कंडक्टर ओरडला. मी कमरेला मिठी मारून त्यांना खाली उतरवलं.

कुठंही गेलो तरी माणसाला मागची डावी बाजू असतेच. परत आलो. निदान इथं जिना आहे, दाराला कुलूप आहे.

त्यांनी पेटीतून कोरं धोतर काढून ठेवलं आहे. टोपी धुतली. मी विचारलं कशाला. त्यांना ऐकू गेलं नाही. लिहून पुढं धरलं तर चष्माच लावेनात.

रविवार, २२ फेब्रुवारी

गीतांजलीला फोन केला. ये म्हणून सांगायचं होतं. लवकर ये, बाबांना सांभाळ —

तिनं विचारलं, कोणाले पाठवतो? सारखं पाठवतो पाठवतो काय करून राहिला?

मी तसं म्हटलंच नव्हतं. ये म्हटलं होतं. मला वाटलं ये म्हटलं.

आरशासमोर उभा राहून बोलून पाहिलं. पाणी म्हण. बाबा म्हण. नाही म्हण.

तेच निघतं. दुसरं काही निघत नाही. फोन बंद करून ठेवला. खाली बापूसाहेब भेटले तर तोंडाला रुमाल लावला.

बाबा खुशीत आहेत. लग्नाला निघालेल्या माणसासारखे.

सोमवार, २३ फेब्रुवारी, संध्याकाळ

कोरं धोतर नेसले. टोपी घातली.

दोनदा खुर्चीत बसवलं. दोनदा उठले. माझ्यापेक्षा जोर आहे आज अंगात. कोपऱ्यात अंधार नाही, लाइट लख्ख आहे, तरी भिंत दिसत नाही तिथं —

अवो. आई. जवळून.

ओरडायला तोंड उघडलं तर हौ पाठवतो. बाबांनी वळून पाहिलं, मान डोलावली. माझ्या तोंडून ऐकलं त्यांनी. समोर —

तोंडात रुमाल कोंबलाय. आता लिहूनच सांगतो. मोठ्या अक्षरात. चौथी शिकलेत, वाचतात.

बाबा जाऊ नका

मी पाठवत नाही. रागात निघालं. मी पाठवत नाही

तुम्ही मला पाहिजे

बाबा चष्मा लावा. इकडं बघा. माझ्या हातातली वही बघा. बाबा एकदा वाचा, मी