आत्याचा हात

३ मार्च

डाग म्हणे! माझ्या आत्याचा हात आहे तो!

साहेबांनी आज त्या जुन्या साहसपटाचं शेवटचं रीळ माझ्या कॉम्प्युटरवर टाकलं. ओरखडे, धूळ, बुरशी काढायची – रोजचंच काम. वर तोंडी सूचना, "नायिका नदीतून वर येते तेव्हा हातावर काळा डाग दिसतो. तेवढा घालवा."

नायिका कसली! तिला पाण्याची भीती. तिच्या जागी कड्यावरून उडी मारली आत्यानं. घरात सगळ्यांना ठाऊक, पडद्यावर मात्र कुठे नाव नाही. आत्या सावळी, म्हणून तिला मानेपासून बोटांपर्यंत गोरा रंग थापला. पाण्यात तो धुऊन गेला असणार. वर येताना बाही सरकते आणि खालचा खरा हात दिसतो.

त्याच चित्रपटात जंगलातले लोक म्हणून गोऱ्यागोमट्या नटांना काजळी फासून नाचवलंय. म्हणजे काळं व्हायलाही गोराच माणूस हवा! धन्य!

४ मार्च

साहेबांना सांगितलं, हा डाग नाही, माणूस आहे.

"अहो, कळतंय मला. पण नायिका एकच वाटायला नको? चूक ती चूक."

मी म्हटलं, मग ती काजळी फासलेली पलटण? ती नाही चूक?

"तो काळच तसा होता."

काळ! ज्याची त्याची पापं त्या बिचाऱ्या काळाच्या माथी. नाही काढणार. काय करायचं ते करा!

५ मार्च

आत्याला सांगितलं नाही. उगाच जिवाला लागेल.

७ मार्च

रीळ लखलखीत केलं. हात तसाच ठेवला.

साहेब भडकले. "तुम्हाला जमत नसेल तर टकल्या करेल." टकल्या शेजारच्या टेबलावरचा. साहेबांपुढे कायम नंदीबैल. आज मात्र मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच्यानं नाही होणार, साहेब." मला रडूच फुटलं. मेल्यानं आधी सांगायचं ना! चार दिवस एकटीच भांडत होते.

आता म्हणे सोमवारी चित्रपटाचे मालक येणार. हाताचं तेच ठरवतील, आणि माझ्या नोकरीचंही. ठरवू देत! मी आत्याला घेऊन जाणार. तिच्या तोंडावर म्हणा डाग.

९ मार्च

शेवटी आत्याला सांगितलं. वाटाणे सोलत होती. हात थांबला. "दिसतो? अजून?" एवढंच म्हणाली. मग उठून कपाटातले चांगले कपडे काढायला लागली. रडेल असं वाटलं होतं, तर ही गुणगुणतेय! म्हातारीचं काही कळत नाही.

१० मार्च

आत्या पहिल्या रांगेत, मालकांच्या शेजारी. पडद्यावर ती पाण्यातून वर आली, बाही सरकली. मालक हळहळले, "पाण्यानं रंग गेला, बघा."

"पाण्यानं?" आत्या उठूनच उभी राहिली. "तेलाचा रंग तो! पाण्याच्या बापाला निघायचा नाही. मी रॉकेलनं पुसला – उडीच्या आधी, बाहीच्या आतून, कुणाला न सांगता. आणि वर आल्यावर कॅमेऱ्यासमोर बाही मीच सारली. आता पुसा बघू!"