सासऱ्यांच्या गाडीची काच

३ मार्च
सासऱ्यांची जुनी गाडी अखेर आमच्या गॅरेजात आली. दोन दारं, दोन काचा. काचा वर-खाली करणाऱ्या मशीन गंजल्या होत्या, त्या साफ होऊन आल्या. बसवणार मी. मेकॅनिकशी गोड बोलून त्याला वाटेला लावलं. घरातला मिक्सर कोणी दुरुस्त केला होता? मीच. बायको तो वापरत नाही, हा वेगळा विषय.
संकल्प : रविवारी गाडी तयार. ही तिच्या आईला चक्कर मारून आणणार आहे.

४ मार्च
हिची एकच अट. ड्रायव्हरच्या बाजूची काच जपायची. सासरे ती अर्धी खाली करून तिच्यावर हात टेकवायचे. अंगठी घासून वरच्या कडेला एक रेघ पडली आहे. ही जाता-येता त्या रेघेवरून बोट फिरवते. म्हटलं, माझ्यावर सोड. तिने एकदा मिक्सरकडे पाहिलं. हा विश्वासच म्हणायचा.

५ मार्च, दुपार
काच खालच्या पट्टीत रबर घालून बसवायची असते. रबर हट्टी निघालं. गोंद वापरला. डब्यावर ‘सर्व कामांसाठी’ असं स्पष्ट लिहिलं आहे.
जेवून जरा आडवा झालो तर गॅरेजातून ‘धप्’. जाऊन पाहिलं, कोणी नाही. ड्रायव्हरची काच बोटभर खाली. स्थिरावत असावी.

६ मार्च
दोन्ही मशीन बसल्या. दोन लांब सळ्या उरल्या. कंपनीवाले जास्तीच्या टाकतात.
लहानपणी ही वडिलांना पाने उचलून द्यायची, त्यामुळे आपल्याला गाडीतलं कळतं असा तिचा समज आहे. म्हणाली, या सळ्या आतल्या हँडलच्या, त्यांच्याशिवाय दार आतून उघडत नाही. बाहेरची हँडलं पॉलिशला गेलीत, तेव्हा सळ्या लावल्याशिवाय दार लावू नका. ऐकून घेतलं.
पुन्हा ‘धप्’. शेजाऱ्यांचा कुत्रा हल्ली गॅरेजासमोरून जात नाही, रस्ता ओलांडतो. कुत्रा मुळातच भित्रा.

७ मार्च
काचांच्या कडांना नवं रबर. काचा हाताने रेटून वर चढवल्या. इतक्या घट्ट की फटीतून कागद जात नाही. सळ्या टेबलावर नीट ठेवल्या.

८ मार्च, रविवार, सकाळ
ही आईला आणायला गेली. शेवटची चाचणी. वही घेऊन आत बसलो. दोन्ही दारं लावून घेतली. खट्, खट्. काय दमदार आवाज!

थोड्या वेळाने
हँडल फिरतं, काच हलत नाही. दोन्हीकडे तेच. गोंद सुटला असावा, रबराने मात्र काच धरून ठेवली आहे. दाराचं आतलं हँडल ओढलं. नुसतंच लोंबलं. समोर टेबलावर सळ्या दिसताहेत.

आणखी थोड्या वेळाने
बॅटरी काढून ठेवलेली, त्यामुळे हॉर्न नाही. शेजारचे काका दिसले. जोरजोरात हात हलवले. त्यांनीही हलवला आणि गेले. काच फोडावी म्हटलं, हिच्या रेघेची नाही, दुसरी. पाने सळ्यांशेजारी आहेत. बुटाने काच फुटत नाही.
काचा धुरकटल्या. रबर उत्तम बसलं आहे, हवा जराही येत नाही. अक्षर बिघडतंय. ही अजून आली नाही. मला भीती वाटते आहे.

संध्याकाळ
ही आली. ओरडली नाही. बाहेरच्या हँडलच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून ड्रायव्हरचं दार उघडलं. म्हणाली, “बाबा असे अडकले होते, तेव्हाही मीच उघडलं होतं.” मी उतरलो. विशेष काही घडलं नाही असं दिसावं म्हणून दार मागे झोकात ढकललं.
काच खाली गेली. थेट तळापर्यंत. मग तो आवाज.
सासूबाईंना हल्ली नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, काय फुटलं गं?
ही दाराशी बसून तुकडे काढत राहिली. प्रत्येकाची कड बोटाने चाचपत होती. रेघ दोन तुकड्यांत सापडली. “एवढंच मागितलं होतं मी,” ती म्हणाली. मग आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली. ते पिताना तिच्याकडे बघवलं नाही.
उद्या मेकॅनिक येणार आहे. तिने त्याला मिक्सरही न्यायला सांगितलं आहे.