देवानं नेलं नाही, बाई

१९ एप्रिल, रविवार
सकाळचे पावणेआठ

प्रिय बाई,

आत्तापर्यंत मी चर्चच्या ओट्यावर बसून पेन्सिलींना टोकं काढत होतो. सगळ्या झाल्या. सतरंजी झटकून अंथरली, फळा पुसला, दोन्ही खिडक्या उघडल्या. आता करायला काही उरलं नाही. आठ वाजता संडे स्कूलला एक तरी लेकरू येतं का, एवढंच बघायचं आहे. नुसतं फाटकाकडे बघत बसवत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

कोणी आलं नाही, तर ही चावी सुधाकरभाऊंना द्यायची आहे. आपल्या मंडळीचे पंच म्हणून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "योएल, तुह्या शानपनानं लेकरं पळाले. येत्या रविवारी एकही नाई आलं, तं चावी मले दे अन् घरी बस." इतकी वर्षं तुम्ही चालवलेली शाळा, आणि तुम्हाला जाऊन अजून महिना नाही झाला!

रागावू नका, पण माझा पहिला राग तुमच्यावरच आहे.

वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली होती, की मोहफुलं वेचायला एकटं जाऊ नका, आणि बाकीचे वाकून वेचतात तेव्हा एकानं उभं राहून राखण करा. आम्हाला नीट ऐकू आलं नाही म्हणून तुम्हीच ते वर्गात पुन्हा सांगितलं. हात कमरेवर ठेवून राखणदार कसा उभा राहतो ते करूनही दाखवलं. आणि तुम्हीच सोबतच्या बायकांना मागं सोडून आपल्या झाडाकडे पुढं गेलात! का? तर लवकर टोपली भरली की ईस्टरला मुलांना खाऊ आणता येईल. कोणी मागितला होता हो खाऊ?

प्रार्थनेच्या वेळी तुम्ही एक डोळा उघडा ठेवायचात. आठवतं? आम्हाला वाटायचं, बाईंना दिसल्याशिवाय कसं कळतं कोण चुळबुळ करतं ते. एकदा त्या रमेशभाऊंच्या रेश्मानं तुम्हाला पकडलं. "बाई, तुमीच तं डोया उघडा ठेवता!" तुम्ही जराही न लाजता म्हणालात, "मंग? सगळेच मिटून बसले, तं राखण कोन करन?"

प्रार्थनेतसुद्धा राखण करणारी बाई जंगलात खाली मान घालून बसली. हे मला अजून समजत नाही.

तुम्हाला पुरून आलो त्याच दुपारी सुधाकरभाऊंनी आम्हा शिकवणाऱ्यांना बसवलं. आम्ही म्हणजे किती? लहान गटाच्या प्रमिलाताई आणि मी. मुलांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. भाऊ म्हणाले, "वाघाचं नाव नाई घ्याचं. लेकरं भेतील. सगळ्यांनी एकच सांगाचं, देवानं बाईले नेलं. घरीबी तेच, इथीबी तेच."

मी विचारलं, "भाऊ, कुठी नेलं, काऊन नेलं, असं विचारलं तं?"

"तं तू गप राह्यजो. तुह्यं काम फळ्यावर लिव्हाचं."

ते तर खरंच. दहावीला बसलो, नापास झालो, आणि तुम्ही मला फळ्यावर बायबलमधलं सोनेरी वचन लिहायला बोलावलंत. पहिल्याच रविवारी मी ‘प्राथना’ लिहिलं. तुम्ही खडू परत हातात दिलात. "योएल, रफार कुठी गेला? चरायला?" सगळी पोरं हसली. तेव्हापासून मी प्रत्येक शब्द लिहिण्याआधी मनात तीनदा उच्चारतो. पण ‘देव’ लिहिताना कोणाची चूक होईल? दोनच अक्षरं. ना रफार, ना वेलांटी. ‘देवाने बाईंना नेले’ हे वाक्य मी सुवाच्य लिहिलं, मागं सरकून बघितलं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही म्हणून मला बरं वाटलं!

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या त्याच रविवारी प्रार्थनेत मुलांनी डोळे मिटले नाहीत. एकानंही नाही. रेश्मा तर भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसली. प्रमिलाताई तिला ओरडल्या. मलाही वाटलं, बाई नाहीत म्हणून पोरं शेफारली आहेत.

त्या आठवड्यात आया एकेक करून सांगायला लागल्या. हा अंथरूण ओलं करतो. ती भरदिवसा अंगणात एकटी जात नाही. एक जण ताटली-चमचा उशाशी घेऊन झोपतो. प्रमिलाताई म्हणायच्या, "दुःख झालं बाप्पा लेकरायले, होईन कमी." सुधाकरभाऊ म्हणायचे, "प्रार्थना वाढवा." म्हणून वाढवली!

मग ईस्टर. सगळी मंडळी जमलेली, बाया नव्या लुगड्यांत. प्रमिलाताई लहान गटाला घेऊन पुढं उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखी सुरुवात केली, "हे देवा, तू आमच्यामध्ये ये..."

"नको! नको बोलावू त्याले!"

रेश्मा ओरडली. आणि तिच्यामागे सगळी मुलं, बाई. कोणी टाळ्या पिटतंय, कोणी बाकावर हात आपटतंय, कोणी "हो हो हो हो" करतंय. शेताच्या धुऱ्यावर जनावर हाकलताना माणसं करतात, अगदी तसं. दोघं-तिघं बाहेर पळाले. उपासना चालवायला महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब त्या दिवशी आले होते. ते आपले "शांत बसा, शांत बसा" म्हणत राहिले.

मी रेश्माच्या मागं गेलो. ती हातपंपाच्या ओट्यावर चढून बसली होती. म्हणाली, "दादा, देव तलावाच्या पाळीवर पाणी पेऊन राह्यला होता. सुधाकर आबानं पाह्यला. त्यानंच बाईले नेलं ना? मंग तुमी त्याले इथी काऊन बोलावता?"

तेव्हा मला तो उशाशी घेतलेला ताटली-चमचाही कळला, बाई.

आपल्या गावात घराबाहेर ‘वाघ’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, हे का तुम्हाला सांगायला हवं! नाव घेतलं की येतो. म्हणून ‘देव दिसला’, ‘देव फिरून राह्यला’. शेजारचे लोक शिवेवरच्या वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावतात. आपण लावत नाही, पण शब्द आपल्याही जिभेवर तोच. रानात कोणता देव आणि चर्चमध्ये कोणता, हे मोठ्यांना न सांगता कळतं. मुलांना कोणी सांगितलं होतं? त्यांनी सरळ जोडून घेतलं. ज्यानं बाईंना नेलं, त्यालाच आम्ही दर रविवारी हात जोडून घरात बोलावतो, आणि वर मुलांना म्हणतो, डोळे मिटा.

मी धावत जाऊन सुधाकरभाऊंना हे सांगितलं. काय म्हणाले माहीत आहे? "तं मंग ‘प्रभू’ म्हना. झालं!"

"भाऊ, प्रभू म्हणजे कोण असं विचारतील."

"सांगाचं, देव." आणि मग स्वतःच चिडले. "तू दहावी नापास, तू मले देव शिकवून राह्यला का?"

पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात आलो की सविस्तर बोलू, तोवर धीर धरा. मी धरीन हो धीर! अंथरूण ओलं करणाऱ्या पोरानं महिनाभर कसा धरायचा? प्रमिलाताईंना म्हटलं, आपण दोघं मिळून सांगू. त्या पदर तोंडाला लावून रडल्या. "मले नाई जमत योएल. माह्याच्यानं तो शब्द निघत नाई. बाईले तसं पाह्यलं ना मी." त्यांना काय बोलणार? त्या दिवशी तुमच्या सोबत वेचायला गेलेल्यांत त्याही होत्या.

या सगळ्यात तुम्ही हव्या होतात. तुम्ही गेल्यावर मुलांना कसं सावरायचं, हे विचारायला मी तुमच्याच घराकडे वळलो होतो, बाई. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मग आठवलं.

गेल्या रविवारी कोणालाही न विचारता मी फळ्यावर लिहिलं, ‘बाईंना वाघाने मारले.’ एकही अक्षर बिघडू दिलं नाही. मुलांना मोठ्यानं वाचायला लावलं. घाबरत घाबरत वाचलं त्यांनी. मग सांगितलं, देवानं नेलं नाही. वाघानं मारलं. वाघ जनावर आहे, त्याला भूक लागते. गावातले लोक त्याला देव म्हणतात तो त्यांचा मान, पण आपण प्रार्थनेत बोलावतो तो हा नव्हे. तो तलावावर पाणी पीत नाही.

"बाईले लय दुखलं का?"

"दुखलं असन."

"मंग आपल्या देवानं वाघाले काऊन नाई हाकललं?" हे रेश्मानं विचारलं.

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी म्हटलं, "मले माहीत नाई. मलेबी त्याले हेच विचाराचं हाय." ती उठून पुढं आली, खडू घेतला आणि माझ्या ‘वाघ’ खाली तिनं स्वतःचा ‘वाघ’ लिहिला. ‘घ’ उलटा काढला. मी सुधारला नाही. तुम्ही असतात तर मला बोलल्या असतात.

संध्याकाळी रमेशभाऊ माझ्या दारात. "तुले कोनं सांगतलं होतं रे? माही पोरगी आधीच भेते, तू तिले मारल्या-तोडल्याच्या गोष्टी सांगते? नाई धाडत मी तिले." बाकी घरांतूनही तेच आलं. आणि मग चावीची गोष्ट निघाली.

आठ वाजून गेले, बाई. रस्त्यावर एक सायकल दिसली, ती दूधवाल्याची निघाली. मी चुकलो का? चुकलो असेन तर कोणत्या शब्दात चुकलो, तेवढं तरी सांगा. मी पुन्हा लिहीन.

थांबा. कोणीतरी येतंय.


आता साडेदहा झाले. राहिलेलं लिहितो.

आधी प्रमिलाताई आल्या, आपल्या दोन्ही मुलांना घेऊन. पुसलेल्या फळ्यासमोर उभ्या राहून ओठ हलवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "वाघ." एवढंच. आणि सतरंजी सरळ करायला लागल्या. सतरंजी सरळच होती.

त्यांच्यामागून रमेशभाऊ आले. हातात काठी, काठीच्या दुसऱ्या टोकाला धरून रेश्मा. फाटकातूनच म्हणाले, "झोपली पोरगी या हप्त्यात. काल अंगनातबी एकटी गेली. पन माहा राग हाय तो हायच. मले विचाराले पायजे होतं तू."

"विचारलं असतं तं तुमी नाई म्हटलं असतं, भाऊ."

"म्हटलंच असतं!" असं म्हणून ते गेले नाहीत, कडुनिंबाखाली बसून राहिले.

म्हणजे तीन मुलं, बाई. एरवी भरून जाणाऱ्या सतरंजीवर तीन. मला आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. बाकीच्यांची घरं मला ओटा सोडल्यावर दारोदार फिरून गाठायची आहेत, आणि त्यातल्या निम्म्या दारांत शिव्या मिळणार आहेत.

मग सुधाकरभाऊ आले, चावी घ्यायला. चपला काढता काढता रमेशभाऊंना सांगत होते, "तलावाकून आलो. आज पहाटीच देव तिथी..."

"आबा, देव नाई!" आतून रेश्मा. "वाघ. वाघ म्हना."

भाऊंचा एक पाय चपलेत, एक बाहेर. माझ्याकडे बघून म्हणाले, "हेच शिकवलं का रे तू?"

"हो भाऊ. सध्या एवढंच."

"तीन लेकरायची काई शाळा नसते."

"तुमी एक म्हटलं होतं."

रमेशभाऊ हसले, म्हणून सुधाकरभाऊ आणखी चिडले. "पुढल्या रविवारी पाहू," म्हणाले आणि निघाले. चावी मात्र मागितली नाही. फाटकापाशी थांबून पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं, शब्द अडला, आणि कोणाकडे न बघता गेले.

प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा रेश्मानं विचारलं, "दादा, डोये मिटाचे का?"

"तुले वाटलं तं मिट."

तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू उघडे ठेवशीन?"

"ठेवतो."

तिनं मिटले. घट्ट, कपाळाला आठ्या पाडून. इतर दोघांनीही मिटले. प्रमिलाताईंनी "हे देवा" म्हटलं, जरा थांबल्या, आणि कोणी ओरडलं नाही म्हणून पुढं म्हणाल्या.

बाई, त्या सकाळी तुमच्या मागं कोणी उभं नव्हतं. देवाला त्याचा जाब मी विचारणार आहे, आज ना उद्या, आणि तोवर माझं त्याच्याशी बोलणं सरळ नाही. पण एक वचन देतो. ही शाळा माझ्या हातात आहे तोवर, तीन मुलं असोत की तीस, ती खाली मान घालतील तेव्हा मी दारात हात कमरेवर ठेवून उभा राहीन, तुम्ही करून दाखवलं होतं तसा. तुम्ही एक डोळा उघडा ठेवायचात. मी दोन्ही ठेवीन.

तुमचा,
योएल