मोकळ्या जागेचा कर आणि आईचं छप्पर

बेलक्रॉफ्ट, जमैका
३ मार्च १९५८

चि. सेडली यास ऑरेथाताईचे आशीर्वाद. वि. वि. आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हणून ख्यालीखुशाली सोडून सरळ भांडायला बसतेय.

काल शाळेत नव्या कराची सभा झाली. घरादारावर कर नको, खालच्या जमिनीच्या किमतीवर बसवा, अशी आमची मागणी. माझ्या बेकरीला पक्की भिंत घातली, त्याच वर्षी माझा कर वाढला. शेजारच्या तुझ्या जागेत दहा वर्षं रान माजलंय, बकऱ्या चरतात, आणि तुझा कर नावापुरता! अन् सभेत विरोधकांनी वाचलं काय? तू त्यांना धाडलेलं पत्र! म्हणे, या कराने माझी विधवा आई देशोधडीला लागेल. बायका डोळे पुसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला विचारलंस तरी का रे?

लोभ आहेच, पण सध्या चुलीवर ठेवलाय.
ऑरेथा

बर्मिंगहॅम
१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुझं पत्र उघडलं. डबा तसाच बंद केला आणि उत्तर लिहायला बसलो.

आईकडे जमीन आहे, पण मिळकत कुठाय? परसातलं आलं विकून कितीसं मिळतं? कर थकला तर बाबांची कबर असलेलं अंगण लिलावात जाईल, तेव्हा तुझी मागणी काय भाजून खायची? आणि जागावाले काय पदरचे भरणार? भाडेकरूंच्याच मानेवर टाकतील. माझी जागा मी फ्लोरिडात ऊस तोडून घेतलीय, चोरलेली नाही. तिची किंमत वाढली ते माझं नशीब. शिवाय घर वेगळं, जमीन वेगळी, अशी किंमत काढणार कोण? सगळी शिकलेल्यांची थेरं!

वादळात आईचं छप्पर उडालं तेव्हा पत्र्यांचे पैसे कोणी पाठवले? मीच ना? मग तिच्या वतीनं मी नाही बोलायचं तर कोणी?

मुलांना पापा. तुला नमस्कार, तोही रागातच.
सेडली

बेलक्रॉफ्ट
१४ एप्रिल

चि. सेडली यास आशीर्वाद. वि. वि. आता नीट ऐक.

घामाची जागा म्हणतोस. तू घेतलीस तेव्हा तिथं चिखल होता. मग रस्ता आला, नळ आला, बाजार भरायला लागला. तेव्हा तू तिकडे बोल्ट पिळत होतास. किंमत आम्ही सगळ्यांनी वाढवली आणि नशीब म्हणे तुझं! जागावाले भाडं वाढवतील म्हणतोस. अरे, ते आजच पिळता येईल तेवढं पिळतात, कराची वाट कशाला बघतील? उलट रिकाम्या जागेचा कर परवडेना म्हणून तुझ्यासारख्यांची रानं मोकळी झाली तर भाडेकरूंना चार जागा जास्त मिळतील. आणि जमिनीची किंमत काढायला पंडित कशाला हवा? तुझा नि माझा तुकडा एकाला एक लागून आहे. माझ्यावर बेकरी, तुझ्यावर बकऱ्या. खालची माती एकच.

आईच्या डोंगरावर बसही जात नाही, तिच्या जमिनीला किंमत ती काय येणार? तरी कुणा म्हातारीला नाहीच जमलं, तर तिच्या हयातीत वसुली नको, हेही आम्ही ठरावात घातलंय.

राहिलं छप्पर. आईनं शपथ घातली होती, ती आज मोडतेय. तुझ्या पैशांचे पत्रे सात वर्षं तिच्या खाटेखाली पडलेत. शेजारच्या एज्रानं पक्का ओटा बांधला आणि त्याचा कर चढला. ते बघून आईनं ताडाच्या झावळ्यांवरच दिवस काढले. काल ती काठी टेकत सभेत आली. तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं, तशी उठली आणि म्हणाली की ती विधवा मीच, आणि मला बेघर करणारा कर मी आजवर भरतेच आहे. ठराव मंजूर झाला.

पुढचं आईच लिहील. माझी शाई संपली.
ऑरेथा

बेलक्रॉफ्ट
२२ नोव्हेंबर

चि. सेडली यास आईचे अनेक आशीर्वाद. मी सांगतेय, ऑरेथा लिहितेय.

नवा कर लागला. माझा उतरला. एज्रानं पत्रे ठोकले, त्याला नीरफणस भाजून घातला. दोन पत्रे पडून पडून गंजले होते, ते कोंबड्यांना दिले. तुझ्या जागेचा कर वाढलाय, तू बोंबलशील. बोंबल. ऑरेथाला पिठाचं कोठार बांधायचंय, तिला जागा भाड्यानं दे, नाहीतर येऊन स्वतः काहीतरी बांध.

माझ्यासाठी तुझा जीव तुटतो हे मला ठाऊक आहे रे. पण सात वर्षं पाऊस आला की मी खाट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ओढली. तू दर महिन्याला पत्र लिहिलंस, आणि एकदाही विचारलं नाहीस की आई, छप्पर घातलंस का? यापुढे गावाला माझं दुःख सांगायचं असलं तर आधी मला विचार.

गरम कपडे घाल.
आई